टोपणनाव कुठे संपतं?

२०१६ सालचा 'ऑथर: द जेटी लरॉय स्टोरी' हा माहितीपट मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा खरं तर नुसता ऐकला. लॅपटॉपचा पडदा भिंतीकडे वळवला, कानात हेडफोन घातले आणि डोळे मिटून बसलो. कारण ही गोष्टच मुळात आवाजाची आहे. फिरणाऱ्या कॅसेट, आन्सरिंग मशीनवरचे निरोप आणि फोनवरून येणारा एका मुलाचा बारीक, चाचरत बोलणारा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या हेलाचा आवाज. मानसोपचारतज्ज्ञ, कादंबरीकार, नट्या, रॉक गायक अशा कितीतरी लोकांनी त्या आवाजावर वर्षानुवर्षं जीव लावला. तो मुलगा मात्र जगात कुठेच नव्हता.

हे प्रकरण कुणाला सांगायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: टोपणनावानं तर आपल्याकडे किती जण लिहून गेले, मग लॉरा अल्बर्टनं, म्हणजे त्या मुलाच्या नावानं लिहिणाऱ्या बाईनं, असं काय वेगळं केलं? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर देण्याआधी काय घडलं ते नीट बघू.

जेरमाया 'टर्मिनेटर' लरॉय, म्हणजेच जे. टी. लरॉय, याची लोकांना माहीत असलेली कहाणी अशी. वेस्ट व्हर्जिनियातला पोरगा. आई ट्रकतळांवर देहविक्रय करणारी, व्यसनात बुडालेली. पोराच्या वाट्याला मारहाण, अत्याचार, रस्त्यावरचं जगणं. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोला आला, तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञाशी फोनवर बोलू लागला आणि त्यांनीच त्याला लिहितं केलं. १९९७ मध्ये 'टर्मिनेटर' या नावानं त्याचं पहिलं लेखन एका संग्रहात छापून आलं. २००० मध्ये 'सेरा' ही कादंबरी आली, २००१ मध्ये गोष्टींचं पुस्तक आलं. 'सेरा'मधला मुलगा आईचं नाव घेतो, तिच्यासारखे कपडे घालतो, तिच्यासारखं होऊ पाहतो. विषय अंगावर येणारा, भाषा मात्र परीकथेसारखी हळवी. हे लिहिणारा मुलगा वीस वर्षांचाही नाही म्हटल्यावर लोक चकित झाले. इतक्या लहान वयात इतकं सोसलं आणि वर इतकं सुंदर लिहिलं!

हे सगळं लिहीत होती लॉरा अल्बर्ट. ब्रुकलिनमध्ये जन्मलेली, सॅन फ्रान्सिस्कोत राहणारी, 'सेरा' आली तेव्हा चौतीस वर्षांची बाई. तरुणपणापासून ती मदतवाहिन्यांवर वेगवेगळ्या आवाजांत फोन करायची, बहुतेक वेळा मुलगा बनून. त्या आवाजांतलाच एक जेरमी, तोच पुढे जेटी झाला. डॉक्टरांशी तो बोलायचा, मग लेखकांचे नंबर मिळवून त्यांच्याशी बोलू लागला. डेनिस कूपर, ब्रूस बेंडरसन यांच्यासारखे नावाजलेले लेखक रात्री-अपरात्री त्याचे फोन घ्यायचे, त्याचं लेखन वाचायचे, पुढच्या माणसापर्यंत पोचवायचे.

पुस्तकं गाजली तसे लोक म्हणू लागले, मुलगा दिसू तर दे. लाजाळू आहे, घाबरतो, असं किती दिवस सांगणार? २००१ च्या सुमारास लॉरानं तिच्या जोडीदाराच्या सावत्र भावंडाला, सव्हाना नूप यांना, पिंगट विग आणि मोठा काळा चष्मा घालून उभं केलं. लॉरा स्वतः सोबत असायची, 'स्पीडी' नावाची मदतनीस बनून, ब्रिटिश हेल काढून बोलत. म्हणजे ज्या बाईनं पुस्तक लिहिलं ती सामान सांभाळत बाजूला उभी, आणि सह्या घ्यायला रांग लागलेली विगवाल्यासमोर. माहितीपटात हे प्रसंग बघताना माझं लक्ष सारखं त्या स्पीडीकडे जात होतं. आपल्या लेखनाचं कौतुक चार हातांवरून ऐकायचं आणि ते दुसऱ्याच्या पदरात पडताना बघायचं, हे सोपं नसणार.

पसारा वाढत गेला. गस व्हॅन सँट यांच्या 'एलिफंट' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जेटी लरॉयचं नाव आहे, आणि त्या चित्रपटाला २००३ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. गोष्टींच्या पुस्तकावर आशिया अर्जेंतो यांनी २००४ मध्ये चित्रपट केला. मग ऑक्टोबर २००५ मध्ये स्टीफन बीची यांनी न्यूयॉर्क मासिकात सविस्तर लेख लिहून विचारलं की हा लेखक आहे तरी का? जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये वॉरन सेंट जॉन यांनी विगखालचा चेहरा कुणाचा ते छापलं. पुढच्याच महिन्यात लॉराच्या जोडीदारानं सगळं कबूल केलं.

आता टोपणनावाकडे वळू. मराठी वाचकाला टोपणनावाचं नवल नाही. कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, बी, ग्रेस, आरती प्रभु. यातली बरीच नावं म्हणजे लेखकानं हौसेनं घेतलेला दुसरा जन्म. मागचा माणूस कोण ते सगळ्यांना ठाऊक. पण खरोखर लपण्यासाठी घेतलेलं एक नाव आपल्याकडे आहे, आणि लॉरा अल्बर्टची गोष्ट समजून घ्यायला त्यासारखा दाखला नाही: विभावरी शिरूरकर.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक आलं. ह. वि. मोटे प्रकाशक. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या गोष्टी. त्यांच्या पगारावर घर चालतं म्हणून तिच्या लग्नाचा विषय आईवडीलच पुढे ढकलतात, आणि तिलाही मन आहे, शरीर आहे, हे बोलायला कुणी तयार नाही. विभावरी शिरूरकरांनी ते लिहिलं. गहजब झाला. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. नवऱ्यापासून दुरावलेली बाई लग्नाच्या चौकटीबाहेर पुरुषाचं प्रेम स्वीकारते, ही गोष्ट १९३४ सालच्या महाराष्ट्राला पचणं अवघडच होतं. ही बाई आहे तरी कोण, याचा शोध सुरू झाला. ती होती बाळूताई खरे, मुलींना शिकवणारी शिक्षिका, पुढच्या मालतीबाई बेडेकर. विभावरी म्हणजे रात्र. तोंड लपवायला रात्रीपेक्षा चांगला पदर कुठला?

मालतीबाईंनी काय लपवलं आणि काय लपवलं नाही, ते बघा. त्यांनी नाव लपवलं. पण त्या नावाला खोटं आयुष्य चिकटवलं नाही. विभावरी शिरूरकर अमुक गावची, तिच्यावर अमुक प्रसंग गुदरला, ती आता आजारी आहे, असं काही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपल्याजागी दुसऱ्या बाईला सभेला पाठवलं नाही. ज्या मुलींबद्दल लिहिलं त्यांच्यातच त्या राहत होत्या, त्यांचं दुःख त्यांना रोज समोर दिसत होतं. उलट नाव झाकलं म्हणूनच त्यांना खरं बोलता आलं. शाळेतल्या बाईंनी असं लिहिलं हे कळलं असतं तर त्यांच्या नोकरीचं आणि विद्यार्थिनींच्या घरच्यांचं काय झालं असतं, याचा विचार केला की त्या पदराचं मोल कळतं. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. जगाशी भांडायला त्यांनी टोपणनावाची ढाल घेतली, आणि ती अगदी कायदेशीर, नैतिक, जुनी ढाल आहे.

कायदासुद्धा ही ढाल मान्य करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावानं किंवा निनावी छापलेल्या पुस्तकासाठी वेगळी तरतूद आहे: प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं हक्क राहतात, आणि त्या मुदतीत लेखकाचं खरं नाव उघड झालं तर नेहमीप्रमाणे मृत्यूनंतरची साठ वर्षं मोजली जातात. म्हणजे कायदा म्हणतो, तू स्वतःला काहीही म्हणवून घे, पुस्तक तुझंच. अमेरिकेतही टोपणनावाला पूर्ण मुभा आहे. अडचण दुसरीकडे येते. टोपणनाव वाचकासमोर चालतं; करारावर सही करताना समोरच्याला आपण कुणाशी व्यवहार करतोय ते कळायला हवं.

लॉराचं प्रकरण कोर्टात गेलं ते इथेच. 'सेरा'वर चित्रपट करण्याचे हक्क अँटिडोट इंटरनॅशनल फिल्म्स या कंपनीनं २००३ मध्ये घेतले होते. करारावर सही जेटी लरॉय या नावानं. गौप्यस्फोट झाल्यावर कंपनीच्या मनात आलं की कादंबरी आणि लेखिकेची खरी गोष्ट मिळून चित्रपट करावा. लॉरानं आपल्या आयुष्याचे हक्क द्यायला नकार दिला. मग कंपनीनं दावा लावला. २००७ च्या जून महिन्यात मॅनहॅटनच्या संघराज्य न्यायालयात ज्युरीसमोर तो चालला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं सोपं करून सांगतो. लॉराची बाजू: पुस्तक कादंबरी म्हणूनच विकलं, लेखकाचं टोपणनाव हा त्याचा हक्क, तुम्ही कादंबरीचे हक्क घेतले आणि ते तुम्हाला मिळाले; मग नुकसान कसलं? कंपनीची बाजू: आम्ही पैसे मोजले ते नुसत्या कथानकासाठी नव्हे. या मुलानं हे भोगलंय, हे सगळ्या जगाला माहीत होतं, त्याच जोरावर चित्रपट चालणार होता. आणि ज्याच्याशी करार केला तो माणूसच अस्तित्वात नाही.

ज्युरीनं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. फसवणूक सिद्ध झाली. एक लाख दहा हजार डॉलर भरपाई, वर सहा हजार पाचशे डॉलर दंड, आणि नंतर न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलांचा साडेतीन लाख डॉलरचा खर्चही तिच्याच माथी मारला. ऑथर्स गिल्ड ही अमेरिकेतली लेखकांची संघटना अपिलात लॉराच्या बाजूनं उभी राहिली. त्यांची भीती अशी की आज हिला फसवणूक म्हटलंत तर उद्या जिवाच्या भीतीनं नाव लपवणाऱ्या कोणत्याही लेखकाला कोर्टात खेचता येईल. ही भीती मला पटते. असं काही आपल्याकडे १९३४ मध्ये झालं असतं तर विभावरींना कुणी काय केलं असतं कोण जाणे. करारावर खोट्या माणसाची सही करणं चूक, पण त्या चुकीच्या शिक्षेचा काच टोपणनावावर बसू नये.

कोर्टात लॉरानं जे सांगितलं ते मात्र कायद्याच्या भाषेत मावणारं नव्हतं. जेटी म्हणजे आपलं श्वासयंत्र होतं, असं ती म्हणाली. तो काढून घेतला असता तर आपण जगलोच नसतो. तिच्या स्वतःच्या बालपणी अत्याचार झाले होते. ती मुलगी म्हणून ते कुणाला सांगूच शकत नव्हती, मुलाच्या आवाजात सांगू शकत होती. माहितीपटही हाच धागा धरून पुढे जातो. मला हे खरं वाटतं. आपल्याकडेही कितीतरी बायका 'माझ्या एका मैत्रिणीचं सांगते' म्हणत स्वतःचंच सांगतात. ऐकणाऱ्याला ते कळतं, आणि तो काही न बोलता ऐकून घेतो.

तरीही फरक पडतो, आणि तो मला कागदापेक्षा फोनमध्ये दिसतो. 'सेरा' कादंबरी होती हे खरं. पण १९९७ च्या ज्या संग्रहात टर्मिनेटरचं पहिलं लेखन आलं, तो संग्रह आठवणींचा होता, म्हणजे खऱ्या अनुभवांचा. आणि त्याही पलीकडे, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला जिवंत माणसं होती. तो मुलगा आजारी आहे, त्याला एचआयव्ही आहे, असं त्यांना सांगितलं होतं. कूपर यांच्यासारख्या समलिंगी लेखकांच्या पिढीनं एड्सच्या साथीत आपले मित्र एकामागून एक जाताना पाहिले होते. परिणामकारक औषधं यायला १९९६ उजाडलं. अशा माणसांना रात्री दोन वाजता एक मुलगा फोन करून म्हणतो, मला जगवा. ते का नाही विश्वास ठेवणार? एक तरी पोरगं वाचावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मराठीत यासाठी फार जुना शब्द आहे: तोतया. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. काही वर्षांनी भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उभा राहिला आणि कोकणातले किल्ले, फौज, माणसं त्याच्यामागे गेली. १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. लोक मूर्ख होते म्हणून त्याच्यामागे गेले असं मला वाटत नाही. घराघरातून माणसं गेलेली, आणि भाऊ परत यावेत ही आस सगळ्यांच्या पोटात. त्या आसेच्या जोरावर तो चालला. जेटीसुद्धा तसाच चालला, फक्त ज्या बाईनं तो उभा केला तिलाही त्याची तेवढीच गरज होती.

आणखी एक गोष्ट, जी मराठी वाचकाला लगेच कळेल. आपल्या दलित आत्मकथनांनी वाचकाला जे दिलं ते नुसतं साहित्य नव्हतं, ती साक्ष होती. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्यात दगडू मारुती पवार हा माणूस दया पवार या लेखकाशी बोलतो. एकाच माणसाची दोन नावं, समोरासमोर, वाचकाच्या डोळ्यांदेखत. काही झाकलेलं नाही. समजा त्या काळात पुण्यातल्या एखाद्या सुखवस्तू माणसानं दलित मुलाचं खोटं नाव घेऊन असं पुस्तक लिहिलं असतं आणि एका पोराला सभांना पाठवलं असतं, तर खऱ्या साक्षीदारांना काय वाटलं असतं? पुढच्या प्रत्येक खऱ्या पुस्तकाकडे लोकांनी संशयानं बघितलं असतं. जेटी उघडा पडल्यावर अमेरिकेत रस्त्यावर वाढलेल्या, अत्याचार सोसलेल्या मुलांचं नेमकं हेच नुकसान झालं, असं मला वाटतं. त्यांच्यासाठी पुढे केलेला हात एका कल्पनेनं धरून ठेवला होता.

आता माहितीपटाबद्दल. दिग्दर्शक जेफ फॉयरझाइग यांनी लॉराला मनसोक्त बोलू दिलं आहे. बरीचशी गोष्ट तिच्या तोंडून येते, सोबत तिच्या वहीतल्या गोष्टी जिवंत करणारी ॲनिमेशनची दृश्यं आणि त्या टेपा. तिनं वर्षानुवर्षं फोन रेकॉर्ड करून जपून ठेवले होते. म्हणून कोर्टनी लव्ह आणि बिली कॉर्गन हे रॉक गायक, दिग्दर्शक गस व्हॅन सँट असे आवाज थेट कानावर पडतात. कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की खाजगी फोन रेकॉर्ड करायचा तर दोन्ही टोकांची संमती हवी. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: जी माणसं एका दुखावलेल्या मुलाशी मन मोकळं करत होती, त्यांचे ते क्षण चित्रपटगृहात ऐकवायचे का? मी असतो तर त्यातले निम्मे वगळले असते.

याच विषयावर मार्जरी स्टर्म यांचा २०१४ सालचा 'द कल्ट ऑफ जेटी लरॉय' हा माहितीपट आहे, आणि त्यात फसवल्या गेलेल्या माणसांना बोलायला जागा मिळते. दोन्ही पाहायला हवेत, आणि शक्यतो स्टर्म यांचा आधी. सव्हाना नूप यांनी २००८ मध्ये विगखालच्या वर्षांबद्दल पुस्तक लिहिलं, त्यावर २०१८ मध्ये कथापट निघाला. एकाच न-जन्मलेल्या मुलाबद्दल तीन घरांतून तीन हकिकती.

दुसऱ्या फेरीत, डोळे मिटून ऐकताना, थोड्या वेळानं मी त्या मुलाच्या आवाजाकडे लक्ष देणं सोडून दिलं. तो आवाज कसा केला, किती हुबेहूब केला, यातलं नवल संपलं होतं. मग दुसऱ्या टोकाचे आवाज ऐकू यायला लागले. मध्येच शांतता होते आणि ती माणसं थांबून राहतात. फोन ठेवायची घाई कुणालाच नसते. काही जण अगदी हळू बोलतात, तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसून बोलावं तसं.